चिंधी बांधलेले तीन ठोंब

मासवणच्या वरच्या अंगाला आमचा पाडा आहे. तिथं कोणालाही माझ्या सासऱ्यांचं घर विचारा. सांगणारा आधी हसेल आणि मग म्हणेल, "सुका ना? भाताला वारा घालतो तो?" मी या घरात येऊन आठ वर्षं झाली. त्यातली सहा तरी मी त्यांच्याशी भांडण्यात घालवली आहेत, त्यामुळे मला हसू येत नाही.

सुका उंचीला कमी, अंगानं वाळका, चेहऱ्यावर सतत कोणी काहीतरी चोरून नेल्याचा भाव. बोलणं तोडून. शाळा दुसरीपर्यंत. डोंगराच्या पायथ्याशी आमची चार खाचरं आहेत, सगळी पावसावर. ती सोडून हा माणूस कधी कुठे कामाला गेला नाही. पाड्यातली माणसं भात झालं की वीटभट्टीवर जातात, वसईकडे बांधकामावर जातात. सासूबाई, म्हणजे सोमी, चार वर्षं भट्टीवर एकट्या गेल्या, कडेवर नीलेशला घेऊन. सुका घरी राहिले. कशासाठी राहिलात, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "बियाणं उंदीर खातील म्हनून." बायको विटा वाहते आणि नवरा उंदीर राखतो. माझं मन त्यांच्याबद्दल पहिल्यांदा खट्टू झालं ते तिथं.

नीलेश, माझा नवरा, तारापूरच्या एका कारखान्यात लागला. पहिल्या पगारात त्यानं मनोरच्या दुकानातून भाताचं सुधारित बियाणं आणलं. आमचं लग्न व्हायच्या पुष्कळ आधीची ही गोष्ट. घरचं जुनं भात होतं, त्याला घरात 'दांडगं' म्हणत. पानं जाड, खोड जाड, उशिरा फुलणारं आणि लोंबी वीतभरसुद्धा नाही. त्या लोंबीत दाणे कमी. पण करपा आला तरी दांडग्याला काही होत नसे. दुकानातलं बियाणं उलट होतं. लोंबी लांब, वाकलेली, दाण्यांनी गच्च, पण भाद्रपदात चार दिवस धुकं राहिलं की पानांवर डोळ्यांच्या आकाराचे राखाडी ठिपके पडायचे, लोंबी मानेशी काळी व्हायची आणि आतले दाणे पोचट.

मग चार खाचरांचे दोन भाग झाले. दोन नीलेशची, दोन बापाची. रोग नसलेल्या वर्षी नीलेशची कणगी भरायची आणि तो बापाला म्हणायचा, "बाबा, तुमचं दांडगं म्हणजे नुसता पहिलवान. कुस्तीला नंबर एक, घरात चूल बंद." करपा पडला की बाप म्हणायचा, "आता खा तुझा कागद. पिशवीवरचा फोटो लय भारी हाय, तोच शिजव." दोघांचंही खरं असायचं, त्यामुळे कोणी हरत नसे आणि भांडण दर वर्षी नव्यानं सुरू व्हायचं.

मी पालघरच्या कॉलेजात बी.एस्सी. केलं, वनस्पतिशास्त्र घेऊन. माझं माहेर डहाणूच्या बाजूला, तेही पाड्यावरच. लग्नानंतर आम्ही दोघं दीड वर्ष बेटेगावला खोली घेऊन राहिलो. तेजल पोटात असताना मला कारखान्यांच्या वासानं सारखी उलटी व्हायची, म्हणून मी पाड्यावर आले. ती झाली आणि मी इथेच राहिले. नीलेश खोलीवर, पाळी बदलली की घरी.

तेव्हा मी सासऱ्यांना पहिल्यांदा जवळून पाहिलं. त्यांनी नीलेशच्या आणि आपल्या खाचरांच्या मधल्या बांधाजवळ एक पट्टा ठेवला होता. त्यात एक ओळ दांडग्याची, एक ओळ दुकानातल्याची, पुन्हा दांडग्याची. दांडगं उशिरा फुलतं म्हणून त्याचं बी ते वीस दिवस आधी टाकत. दोन्ही एका वेळी फुलली की रोज सकाळी दहाच्या सुमाराला ते लांब बांबू घेऊन पट्ट्यात उतरत आणि दांडग्याच्या लोंब्या बांबूनं हळू झटकत. भाताचं फूल तास-दीड तास उघडं असतं. तेवढ्यात एकाचा पराग दुसऱ्यावर पडला तर पडला. त्या लोंब्यांचं बी ते पुढच्या वर्षी त्याच पट्ट्यात पेरत. भात आपल्याच परागानं फळतं, शंभरात एखाद्या फुलाला बाहेरचा पराग लागतो. हे मला पुस्तकातून माहीत होतं. त्यांना कसं माहीत, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

मी एकदा म्हटलं, "बाबा, असं एका माणसानं बांबू हलवून होत नाही. विद्यापीठात यासाठी मोठी माणसं असतात, प्रयोगशाळा असते."

"मंग ते करतील त्यांचा," ते म्हणाले. "तू सावली धरू नको, बाजूला हो."

कॉलेजात आमच्या बाईंनी एकदा सांगितलं होतं की झाडाच्या पानात दिवसभरात जेवढं अन्न तयार होतं तेवढंच त्याच्याकडे असतं. रोगाशी लढायला जास्त खर्च केलं तर दाण्याला कमी उरतं. मी तेच सासऱ्यांना जरा मोठेपणानं ऐकवलं. ते तंबाखू मळत होते.

"झाडाकडं एकच कणगी हाय," म्हणाले. "राखणदाराला भरपूर दिला त पोरं उपाशी. पोरांना सगळा दिला त रातीत चोर येऊन पोरांसकट नेतो. हा काय कॉलेजात जाऊन शिकायचा हाय?"

"मग तुम्ही राखणदारालाच का भरवता?"

"मी नाय भरवत. मी असा राखणदार शोधतो जो कमी खातो."

हे ऐकून मी गप्प बसायला हवं होतं. मी म्हटलं, "शोधा. तोवर आम्ही काय खायचं?"

हा प्रश्न मी उगाच केला नव्हता. तेजल दोन वर्षांची असताना अंगणवाडीच्या काट्यावर तिचं वजन पिवळ्या, म्हणजे कमी वजनाच्या, पट्ट्यात आलं. मी ताईंना दोनदा काटा तपासायला लावला. आदल्या पावसाळ्यात करप्यानं नीलेशची दोन्ही खाचरं गेली होती, कारखान्यात तीन महिने काम बंद होतं आणि घरात होतं ते दांडगं, माघापर्यंतसुद्धा न पुरणारं. मी रात्री उठून पोरीच्या बरगड्या हातानं चाचपायची. त्या दिवशी अंगणवाडीतून आले ती सरळ ओटीवर सासऱ्यांसमोर उभी राहिले.

"तुमच्या पट्ट्याची जागा मला द्या. चांगलं भात लावते त्यात. नातीपेक्षा तुम्हाला बांबू मोठा झालाय."

सासूबाई आतून म्हणाल्या, "स्नेहा, हळू."

"हळू कशाला? नऊ वर्षं झाली म्हणतात. काय मिळालं? एक मूठ तरी दाखवा."

सुका उठले. म्हणाले, "पोरगी काट्यावर कमी भरली ती तुझ्या मरद्याच्या भातानं, माझ्या नाय. माझा होता म्हनून आज घरात चूल हाय." आणि ते खाली खाचरात निघून गेले. त्यानंतर ते माझ्याशी बोलायचे बंद झाले. पाणी हवं असलं तरी तेजलला सांगायचे, "तुझ्या आयसला सांग, पाणी." तीन हातांवर उभ्या असलेल्या मला तेजल ते सांगायची.

आता जे झालं ते सांगते. ते माझ्या हातून झालं.

त्याच वर्षीचा पावसाळा. भाद्रपदात धुकं आलं, करपा सगळ्या पाड्यावर फिरला. शेजारच्या येसूबाईचं खाचर तर वरून पाहिलं की जळाल्यासारखं दिसत होतं. सासऱ्यांच्या पट्ट्यात मात्र तीन ठोंब असे निघाले की त्यांच्या पानावर एक ठिपका नाही आणि लोंब्या लांब, खाली वाकलेल्या. नऊ वर्षांत पहिल्यांदा. हे मला नंतर कळलं. तेव्हा त्यांनी कोणालाच सांगितलं नाही. सासूबाईंना सांगितलं असतं, पण त्या भावाकडे गेल्या होत्या, भावजय आजारी म्हणून. माझ्याशी बोलणं नव्हतं. त्यांची नजर कमी झालेली, कापणीत ते ठोंब हरवू नयेत म्हणून त्यांनी सासूबाईंच्या जुन्या लुगड्याची लाल चिंधी फाडून तिघांना बांधली.

आमच्याकडे नवं भात कणसरीला, म्हणजे धान्याच्या देवीला, दाखवल्याशिवाय कोणी खात नाही. या पाड्यात घरातली बाई सकाळी खाचरात जाते, पहिल्यांदा पिकलेल्या लोंब्या कापते, त्याच कांडून देवीचा भात करते. लोंब्या कोणत्या, ते तिनं आपल्या नजरेनं ठरवायचं. माझ्या माहेरी तसं नाही. तिथं घरचा म्हातारा आधी जाऊन सगळ्यात चांगल्या ठोंबांना लाल चिंधी बांधून येतो. ती देवीची. बाईनं फक्त जाऊन कापायचं. या पाड्यात मी नवं कापायला कधी गेले नव्हते, ते काम सासूबाईंचं.

त्या सकाळी मी विळा घेऊन खाली गेले. मला लाल चिंध्या दिसल्या. खरं सांगते, मला बरं वाटलं. वाटलं, म्हाताऱ्यानं बोलणं टाकलं तरी देवीसाठी निवडून ठेवलंय, मला शोधायला लावलं नाही. तिन्ही ठोंब मी बुडातून कापले. घरी आणून लोंब्या झोडल्या, कांडल्या, पाखडल्या. तीन ठोंबांचं ते केवढं होणार, म्हणून खालच्या खाचरातले आणखी मूठभर मिसळले. भात केला, गूळ घातला, देवीपुढे ठेवला आणि सगळ्यांना वाढला.

नीलेश घरी होता. तेजलनं दोनदा मागून घेतला. सासरे दोन घास खाऊन तिसरा हातात घेऊन थांबले.

"तेजल, तुझ्या आयसला विचार, कोणत्या खाचरातला?"

मीच उत्तर दिलं. "तुम्हीच तर खूण केली होती. लाल चिंधीचे."

त्यांनी तो घास परत ताटात ठेवला. शिव्या देतील असं वाटलं. दिल्या नाहीत. ताटातला भात त्यांनी बोटानं पसरला आणि एकेक शीत वर धरून बघायला लागले, जसं काही एखादं न शिजलेलं निघेल. नीलेश म्हणाला, "बाबा, काय झालं?" तेव्हा ते बोलले. सरळ मला बोलले, सहा महिन्यांत पहिल्यांदा.

"नऊ वर्षं तू एका टोपात शिजवलीस."

संध्याकाळपर्यंत पाड्यात सगळ्यांना कळलं होतं. येसूबाई हंडा घेऊन मुद्दाम आमच्या अंगणावरून गेली.

"काय गं बीएस्सी, कसा लागला? आमाला नाय बोलावलास चाखायला?"

"तुमचं जळलं म्हणून तुम्हाला मजा वाटते," मी म्हटलं.

"माझा रोगानं जळला. तुमचा चुलीवर. सांग आता, कोणाचा रोग मोठा?"

मी आत जाऊन रडले. रडताना सासऱ्यांचाच राग येत होता. एक शब्द सांगितला असता तर काय झिजलं असतं? पण नऊ वर्षांचा हिशोब काढून एक मूठ मागणारीही मीच होते.

सासूबाई दुसऱ्या दिवशी परत आल्या. सगळं ऐकून घेतलं. हातातली पिशवी टेकवायच्या आधी त्यांनी एकच विचारलं, "बुडखे हायेत का उपटले?"

बुडखे होते. भात कापलं की बूड मरत नाही. ओल राहिली तर त्यातून पुन्हा फुटवे येतात, कधी लहानशी लोंबीही धरते. झाड तेच. मला हे पुस्तकातून ठाऊक होतं आणि चुलीपुढे आठवलं नव्हतं. सासरे आदल्या रात्रीपासून तिथंच बसले होते.

पण भात कापलं की खाचरं गुरांची होतात. हा इथला जुना नियम. शेरडं, गुरं मोकळी सुटतात, कोणी कोणाला अडवत नाही. कुंपण घालणं म्हणजे शेजाऱ्याला चोर म्हणणं. सुकांनी करवंदीच्या काट्या तोडून तीन बुडख्यांभोवती कुंपण घातलं. तिसऱ्या दिवशी येसूबाई दारात.

"सुका, माझ्या शेळीच्या थोबाडात काटा घुसलाय. उद्या माझ्या पोराच्या पायात घुसंल. काढ ता कुंपण."

"नाय काढत."

"तीन बुडख्यांसाठी?"

"तुझी शेळी बांध."

"माझ्या सासऱ्याच्या सासऱ्यानं कधी शेळी बांधली नाय. तुझ्या सुनेला बांध आधी, तिनं जास्त खाल्लाय."

मला वाटलं, निदान इथं तरी सासरे घरची बाजू घेतील. त्यांनी मान हलवली, येसूबाईचं पटल्यासारखी. कुंपण मात्र काढलं नाही. दोन रात्रींनी कोणीतरी एका बाजूच्या काट्या ओढून बाजूला केल्या आणि सकाळी तिघांतला एक बुडखा मुळापर्यंत खाल्लेला होता. कोणी केलं ते सगळ्यांना माहीत होतं. येसूबाईनं ते कधी नाकारलं नाही.

राहिले दोन. पाणी ओढ्यातून आणायचं, चढावरून. सासरे पहाटे दोन हंडे घालत. मी दुपारी पाणी घेऊन गेले तर म्हणाले, "ओत तिकडं आंब्याला. माझ्या भाताला तुझा हात नको." मी आंब्याला ओतलं आणि ते झोपल्यावर दुसरा हंडा आणून बुडख्यांना घातला. असं रोज. त्यांनी घातलेलं मला पुरेसं वाटायचं नाही. तेजलच्या दुधाचंही माझं असंच होतं, वाटी रिकामी दिसली की मी पुन्हा भरायची, पोट फुगेपर्यंत. बारा-तेरा दिवसांनी खालच्या अंगाचा बुडखा पिवळा पडला. हात लावला तर निसटून आला, मूळ काळं, कुजका वास. दोघांनी घातलेलं पाणी त्याच्या बुडाशी साचत होतं.

सासरे मागून आले. माझ्या हातातल्या कुजक्या मुळाकडे बघितलं. मग हंड्याकडे.

"तू बी घालत होतीस?"

"हो."

"कवापासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"आनि सांगितलास नाय."

"तुम्ही तरी कुठं सांगता?"

आयुष्यात त्यांनी मला मारलं नाही. त्या दिवशी हात उचलला होता. मग त्याच हातानं त्यांनी कुंपणाची एक काटी उचलली आणि तिसऱ्या बुडख्याशेजारी जमिनीत उभी ठोकली. "इथपर्यंत ओला दिसला त पानी घालू नको," म्हणाले. "कोरडा दिसला त घाल. मी सकाळी, तू दुपारी." बोलणं झालं ते एवढंच, पण ठरलं ते पाळलं गेलं. त्यांच्या पाळीला मी गेले नाही, माझ्या पाळीला ते आले नाहीत.

पौषात त्या बुडख्यानं पाच बारीक लोंब्या दिल्या. बोटाएवढ्या. त्यातले भरलेले दाणे त्रेचाळीस निघाले. सासऱ्यांनी ते दुधी भोपळ्याच्या वाळक्या तुंब्यात राखेत ठेवले, तुंबा आढ्याला टांगला आणि खालची शिडी काढून शेजारच्या भावकीत नेऊन ठेवली. माझ्यामुळे. सासूबाईंना तुळशीचं बी काढायचं होतं वरून, तर त्यांनाही शिडी मिळाली नाही.

पुढच्या पावसाळ्यात त्रेचाळीस दाण्यांची अडतीस रोपं झाली. वेगळ्या कोपऱ्यात, एकेक. मी रोज बघायला जायची, बांधावर उभी राहून, आत पाऊल न टाकता. रोपं चांगली हिरवी होती. पाऊस मोकळा पडत होता, ऊन पडत होतं, रोगाचं हवामानच नव्हतं. मला वाटलं, या वर्षी तरी सुखानं पार पडेल.

एका सकाळी सासरे येसूबाईच्या खाचरातून येताना दिसले, काखेत करपलेल्या पानांचा भारा. तिच्याकडे खालच्या पाणथळीत थोडा करपा होता. ते कोपऱ्यात उतरले आणि ती रोगट पानं आमच्या अडतीस रोपांवर पसरायला लागले. वरून हातानं पाणी शिंपडत.

मी धावत खाली गेले. "बाबा! वेडे झालात का? आपल्या हातानं रोग घालता?"

"हो."

"मी तीन महिने चढावरून पाणी वाहिलं यासाठी?"

"रोग नाय आला त कोण राखणदार नि कोण झोपणारा, कसा कळंल? सगळीच हिरवी दिसतात." त्यांनी मला कोपरानं बाजूला केलं. "हो बाजूला. तू पोरीला काट्यावर ठेवतेस ना? का ठेवतेस? हातानं उचलून कळत नाय?"

मी पानं उचलून फेकायला लागले. त्यांनी ती परत टाकली. सासूबाई वरून ओरडत होत्या. बांधावर येसूबाई कंबरेवर हात ठेवून उभी. शेवटी मीच थकले आणि बांधावर बसले. मला माहीत होतं की ते बरोबर आहेत. रोगप्रतिकारक जात ओळखायला रोगच लावतात, हे मी परीक्षेत लिहून आले होते, पाच गुणांसाठी. पण अडतीसातलं एकेक रोप मला तोंडपाठ होतं आणि ते तिथं उभे राहून त्यांच्यावर मरण शिंपडत होते. त्यांना माफ करणं मला आजही जमलेलं नाही.

वीस दिवसांत सत्तावीस रोपांवर ठिपके आले. त्यांनी ती उपटली नाहीत, शेवटपर्यंत ठेवली, रोग फिरत राहावा म्हणून. अकरा स्वच्छ राहिली. त्या अकरात सात दांडग्यासारखीच, आखूड लोंबीची. स्वच्छ आणि भरलेली, दोन्ही मिळून, चार. या वेळी चिंधी नव्हती. सासऱ्यांनी स्वतः कापली, मला घराच्या बाहेर पडू न देता. सासूबाईंना म्हणाले, "हिला आत धर."

त्याच्या पुढच्या वर्षी अर्धं खाचर त्या चौघांच्या बियाण्याचं झालं. त्यातही थोडी आजारी निघाली, थोडी आखूड, ती सगळी त्यांनी वेगळी काढली. राहिलं ते भात मी मोजून पाहिलं, न सांगता. एका लोंबीला दुकानातल्यापेक्षा तीस-चाळीस दाणे कमी, दांडग्यापेक्षा साठेक जास्त. चांगल्या वर्षी नीलेशचं बियाणं अजूनही पुढे जाईल. वाईट वर्षी हे उभं राहील. एवढंच. बारा वर्षं, सासूबाईंच्या भट्टीवरच्या फेऱ्या आणि माझी सगळी भांडणं, या सगळ्याचं एवढंच झालं. मी हे नीलेशला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "एवढं पण कोणी केलं नाही ना." आता तो बापाची बाजू घेतो.

गेल्या उन्हाळ्यात सुकांनी बियाणं ओटीवर काढलं आणि पाड्यातल्या चार घरांना बोलावलं. पहिली येसूबाई. जिच्या शेळीनं बुडखा खाल्ला तिला पहिल्यांदा पायलीभर मोजून दिलं. मला राहवलं नाही.

"हिला? हिनं तर कुंपण काढलं होतं."

"काढला होता," येसूबाई पदरात बियाणं घेत म्हणाली. "आता नाय काढणार. आता माझा हाय."

सुका माझ्याकडे न बघता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "एका घरात ठेवायचा नाय. एका घरात ठेवला त एक सून एका सकाळी शिजवून टाकते. पाच घरांत असला त पाच सुना एकाच दिवशी तरी नाय शिजवणार." सगळे हसले. सासूबाईसुद्धा, तोंडाला पदर लावून.

मी म्हटलं, "मग मलाही द्या. माझ्या नावाचं वेगळं. नीलेशच्या वरच्या खाचरात लावते."

"तुझा वाटा तू मागंच खाल्लास," ते म्हणाले आणि पोत्याचं तोंड बंद केलं.

या पावसाळ्यात लावणीच्या वेळी मी येसूबाईच्या दारात गेले. आयुष्यात तिच्याकडे काही मागितलं नव्हतं. तिनं मला बराच वेळ उभं ठेवलं, "बीएस्सीला आमच्याकडं काय कमी पडला?" असं दोनदा विचारलं आणि मग रोपांची एक जुडी माझ्यापुढे टाकली. मी ती नीलेशच्या वरच्या खाचरात लावली, दुकानातल्या भाताच्या दोन ओळींमध्ये एक ओळ. तेजल बांधावर बसून चिखलाचे बैल करत होती. आता ती काट्यावर हिरव्या पट्ट्यात भरते, तरी मी दर महिन्याला जाऊन बघते.

सासरे बांधावरून जात होते. थांबले. डोळे बारीक करून ओळ बघितली.

"कोणाची रोपं?"

"येसूबाईची."

ते वाकले, माझ्या ओळीतलं एक रोप उपटलं, वीतभर पुढे नेऊन परत रोवलं.

"लय दाट लावलीस," म्हणाले. "काढ नि परत लाव." आणि पुढे गेले.

मी सगळी ओळ काढली आणि परत लावली.